हिवरावरचे सातभाई

दिवाळी सरली आणि आसारामने गाडी जुंपली. त्या साली बाजरी गुडघ्यालाही आली नव्हती. शेवगावच्या पूर्वेकडच्या वस्त्यांवरून जो तो उसाच्या मुलखाला निघाला होता. आसारामच्या गाडीत दोन कोयते, तवा, गोधड्या, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, आणि मागच्या बाजूला त्याची बायको रंगुबाई. तिच्या मांडीवर अजून अंगावर पिणारा गोरख. वस्तीवर मागे राहिल्या दोघीच, आसारामची थोरली बहीण मनकर्णा आणि सहा वर्षांची बनू.

बनूलाही न्यावं असं आसारामच्या मनात होतं. रंगुबाईच नको म्हणाली. "तिथं पाचटाच्या कोपीत ऱ्हायचं, अंधारात उठून फडात जायचं. हिला कोन बघनार? वन्सं हायेत घरी, त्यांच्याजवळ ऱ्हाऊ द्या." मग लेकीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "शिमग्याच्या पुढं येतेच मी. आत्याला तरास देऊ नगं."

गाडी हलली तशी बनू मागे धावली. ओढ्यापर्यंत गेली. तिथून मनकर्णेने तिला उचलून आणलं तेव्हा तिने रडून रडून आत्याचा खांदा भिजवला होता.

मनकर्णेला पोरं सांभाळायची सवय होती. तिच्या नवऱ्याने लग्नानंतर थोड्याच वर्षांत दुसरी बायको केली आणि ती माहेरी आली ती कायमचीच. आसाराम तेव्हा चड्डीत होता. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं, त्याचं लग्न लावलं, रंगुबाईची दोन्ही बाळंतपणं केली. बनूची नाळ तिने स्वतःच्या हाताने कापली होती. रंगुबाई तिला विचारल्याशिवाय चुलीवर भाजी टाकत नसे. तरी बाजारात कुणी बनूकडे बोट दाखवून "ही तुमची का?" असं विचारलं, की मनकर्णा आधी जरा थांबायची आणि मग सांगायची, "भावाची."

वस्तीच्या मागे हिवराचं जुनं काटेरी झाड होतं. त्यावर सातभायांचा थवा राहायचा. ही पाखरं मातकट रंगाची, पांढुरक्या डोळ्यांची, सदा कुणावर तरी वैतागल्यासारखी. एकटं कधी दिसायचं नाही. पाचोळा उलटापालटा करत सगळी मिळून हिंडायची, एक उडालं की त्याच्या मागोमाग दुसरं, तिसरं, आणि कलकल तर अशी की घरातलं बोलणं ऐकू येऊ नये. बैल उसाला गेले, गाय चारा छावणीत सोडली, त्यामुळे जनावरांच्या दगडी डोणीत पाणी घालायचं कारण उरलं नव्हतं. पण पाखरं रोज तिथे येऊन कोरडा दगड टोचायला लागली, तेव्हा मनकर्णा हंड्यातलं तांब्याभर पाणी त्या डोणीत ओतू लागली. पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे. शेजारच्या वस्तीवरच्या बायका तिला हसल्या. मनकर्णा म्हणाली, "त्यांनी तरी कुटं जायचं?"

बनूचा दिवस त्या झाडाखाली जायला लागला. एक पाखरू तिच्या ओळखीचं होतं. त्याचा एक पाय वाकडा होता. मागच्या पावसाळ्यात ते घरट्यात पिल्लू असताना त्याच्या पायाला सुतळी गुंडाळली गेली होती, आणि बाकीची पिल्लं उडाली तरी ते तिथेच लोंबकळत ओरडत राहिलं होतं. रंगुबाईने गाडी झाडाखाली ओढून, तिच्यावर चढून, काट्यांनी हात ओरबाडून घेत ती सुतळी विळ्याने कापली होती. सातभाई तिच्या डोक्यावर चोची मारत होते आणि ती खालून हसणाऱ्या बनूला शिव्या देत होती. पिल्लू वाचलं, पाय मात्र तसाच राहिला. बनू त्याला लंगडी म्हणायची.

शिमग्याच्या सुमाराला त्यांनी पुन्हा घरटं केलं. वाटीएवढं, काटक्या-मुळ्यांचं. मनकर्णेने बनूला खांद्यावर बसवून आत डोकवायला लावलं. बनू कुजबुजली, "आत्या, निळी हायेत! तुज्या बांगडीवानी." पुढे दोन पिल्लं निघाली. नागडी, लाल, नुसत्या चोची.

थवा मग दिवसभर खाणं आणायच्या मागे लागला. एवढ्या कोरड्या रानात त्यांना अळ्या-किडे कुठे सापडत होते देव जाणे. एक येऊन भरवून जायचं, तोवर दुसरं फांदीवर चोचीत नाकतोडा धरून थांबलेलं असायचं. बनू दगडावर बसून बघत राहायची. एक दिवस ती म्हणाली,

"आत्या, ह्यातली आई कोनती?"

मनकर्णा तांदळातले खडे काढत होती. तिने मान वर करून बराच वेळ बघितलं. "मला बी कळंना."

"सगळीच आनत्यात."

"आनतीलच की. त्यात चुलता आसंल, मावशी आसंल, आत्या आसंल."

"मंग पिल्लाला आई कशी कळती?"

"त्याला भूक कळती," मनकर्णा म्हणाली. "जो भरवील त्याच्याम्होरं तोंड उघडायचं."

तेवढ्यात लंगडी आली. तिच्या चोचीत हिरवी अळी होती. वाकड्या पायामुळे घरट्याच्या काठावर नीट बसता येईना, पंख फडफडवत तिने कशीबशी अळी पिल्लाच्या घशात सारली.

"लंगडीला पिल्लं हायेत?" बनूने विचारलं.

"तिला कुठली? ती मागल्या सालची. ही तिची भावंडं. ती त्यांची ताई."

बनूला हे फार आवडलं. त्या दिवशी संध्याकाळी तिने आत्याला हाताला धरून झाडाखाली नेलं आणि वर दाखवलं. सातभाई एका फांदीवर ओळीने, अंगाला अंग लावून बसले होते, मधली पाखरं शेजारच्याची मान चोचीने खाजवत होती. कडेला बसलेलं एक उडालं आणि मधे घुसलं, सगळी ओळ कुरकुरत सरकली. बनू हसायला लागली. आई उसाला गेल्यापासून मनकर्णेने तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

एकदा शिकरा आला. मनकर्णेला आधी थव्याचा ओरडा ऐकू आला, नेहमीपेक्षा वेगळा, किरटा. बाहेर येऊन बघते तर शिकरा हिवराच्या शेंड्यावर आणि सातभाई पळून जायचं सोडून त्याच्याभोवती जमलेले, पंख पिसारलेले, एकेक पुढे सरकणारा. बनूही खालून दगड भिरकावत त्यांच्यात सामील झाली होती. शिकऱ्याने थोडा वेळ सहन केलं आणि निघून गेला. "आमी हाकलला," बनू म्हणाली.

आसारामची गाडी आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी. पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, अजून अवकाश होता, टोळीतल्या दुसऱ्या गाड्या आल्या नव्हत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज बनूने ओळखला आणि ती ओढ्याकडे पळाली. मनकर्णा दारात उभी राहिली. तिला लांबून दिसत होतं, बनू चालत्या गाडीच्या मागून चढली, आत बघितलं, पुन्हा उतरली, गाडीच्या पुढे आली. मग नुसतीच गाडीच्या बाजूने चालत राहिली.

आसारामने गोरखला उपरण्यात छातीशी बांधलं होतं. गाडीत कोयते दोन्ही होते. एक रंगुबाईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला.

"कावीळ झाली," आसाराम म्हणाला. "डोळं पिवळं झालं तरी मोळ्या बांधीत हुती. म्हनायची, आज ऱ्हातंय, उद्या ऱ्हातंय. झाडपाला केला. मंग गाडीत घालून दवाखान्यात न्हेली, तवर शुद्ध न्हवती. तिकडंच... तिकडंच सगळं केलं, आक्का. एवढ्या लांब कशी आनू?"

मनकर्णेने गोरखला सोडवून घेतलं. तो हातात काहीच वजन नसल्यासारखा लागला. तिला रडू येईना. आधी पोराच्या पोटात काहीतरी घालायला हवं होतं.

पण गोरख काही घेईना. शेजारच्या वस्तीवरून शेळीचं दूध आणलं, चमच्याने पाजलं, कापसाच्या वातीने पाजलं, तो तोंड फिरवायचा आणि पाजणारीच्या छातीकडे हात न्यायचा. मनकर्णेच्या पदराखाली तो तोंड घुसळत राहिला आणि तिथे काही नाही हे कळल्यावर इतक्या बारीक आवाजात रडला की तिला आपल्या जन्माचा राग आला.

बनू भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. ती आईविषयी एक शब्द बोलली नव्हती. ती उठली, भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला, स्वतःच्या तोंडात घालून चावून चावून मऊ केला आणि बोटावर घेऊन गोरखच्या ओठांशी नेला.

"आ कर."

गोरख तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड उघडलं.

त्या दिवसापासून तो खायचा तो बनूच्याच हातचं. दुसऱ्या कुणी भरवलं की दात नसलेल्या हिरड्या घट्ट मिटायचा. बनूच्या मांडीवर तो मावतसुद्धा नव्हता. तिचे पाय आखडायचे, पण ती उठायची नाही. "मी त्याची ताई हाय," ती म्हणायची. झाडाखाली जायचं तरी त्याला कडेवर घेऊन, एका अंगाला वाकून.

रंगुबाईच्या तेराव्याला तिचा भाऊ मच्छिंद्र आला, प्रवरेकाठच्या कोल्हारहून. तो शांत माणूस होता. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून त्याने गोरखची बरगडी न बरगडी बघितली आणि आसारामला म्हणाला,

"दाजी, राग मानू नका. आईनं सांगून धाडलंय. नदी आटली तरी आमच्या हिरीला पानी हाय, म्हस दूध देतीय. गोरखला मी न्हेतो. हितं ते न्हाई जगायचं."

आसारामने विचारलं, "आनि बनू?"

"पोरगी ऱ्हाऊ द्या आक्काजवळ. लहानपनापासून त्यांनीच केलंय तिचं. त्यांना बी सोबत हुईल."

आत उंबऱ्याशी बसलेल्या मनकर्णेने हे ऐकलं आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच की बनू राहणार. दुसऱ्याच क्षणी त्याची तिला लाज वाटली. पण ते आलं होतं.

संध्याकाळी मच्छिंद्रने भाच्याला मांडीवर घेतलं. त्याने येताना मुद्दाम म्हशीच्या दुधाचा खवा आणला होता, तो पाण्यात कालवून त्याने भरवून बघितला. गोरखने मान फिरवली. मनकर्णेने भरवून बघितलं, आसारामने भरवून बघितलं. शेवटी बनू आली, मामाच्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाली, "असं न्हाई. आधी त्याच्याशी बोलायचं." गोरखने वाटी संपवली.

मनकर्णा चुलीपुढे बसून ते बघत होती. भाकरी करपली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी मच्छिंद्र निघायची तयारी करू लागला तेव्हा ती बाहेर आली.

"मच्छिंद्र, दोघांस्नी न्हे."

"आक्का?" आसाराम उठून उभा राहिला. "बनूला कशाला? तू एकली..."

"ते दुसऱ्याच्या हातचं घेतंय का? बघितलंस न्हवं काल? तिकडं म्हशीच्या दुधाचा हंडा ठिवला तरी ते तसंच मरंल. म्हस असून काय उपेग? त्याला बनू पायजे."

"आनि तुला?"

मनकर्णेने बनूचे दोन परकर आणि गोरखचं एक झबलं फडक्यात बांधायला घेतलं.

बनूला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती हिवराच्या खोडाला जाऊन बिलगली. "मी न्हाई जानार. पिल्लं अजून उडाली न्हाईत. आत्या, तू चल. तू चल न्हाईतर मी न्हाई."

सोयऱ्याच्या घरी जावयाच्या बहिणीने जाऊन राहणं बरं दिसत नव्हतं. मच्छिंद्रनेही 'चला' म्हटलं नव्हतं, आणि त्यात त्याची चूक नव्हती. हे सगळं सहा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? मनकर्णेने सांगितलंच नाही. समजूत घालायला बसली तर आपण मोडू हे तिला कळत होतं.

"जायाचं म्हंजी जायाचं," ती म्हणाली आणि बनूचे हात खोडापासून सोडवू लागली.

बनूने तिच्या मनगटाला चावा घेतला. मनकर्णेने हात मागे घेतला नाही.

"तू मला हाकलतीयास," बनू म्हणाली.

"न्हाई गं बाय. यीन मी तुला बघाया. पाऊस झाला की..."

"आई बी येते म्हनून गेल्ती."

मच्छिंद्रने गोरखला घेतलं होतं, तो रडायला लागला तशी बनू आपणहून त्याच्यामागे चालू लागली. ओढा ओलांडेपर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही. मनकर्णा दारात उभी राहून मनगट दुसऱ्या हाताने धरून होती.

चैत्राचं ऊन फार कडक होतं. मनकर्णा पिल्लांकडे लक्ष ठेवून होती, बनूला सांगता यावं म्हणून. पाणी आता टँकरचं, तेही भांडून मिळायचं, पण डोणीत तांब्या पडत होता. थवा पूर्वीसारखाच राबत होता. चोचीत यायचं ते मात्र कमी झालं होतं. कधी नुसती वाळलेली मुंगळी, कधी काहीच नाही, तरी पाखरू घरट्यावर येऊन जायचं. एके दुपारी शिकऱ्याने थव्यातलं एक पाखरू उचललं. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, मागे लागले, पण तो शिकार घेऊन निघून गेला होता.

त्याच आठवड्यात घरात दाणा संपला. मनकर्णा आणि आसाराम दोघंही पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. दिवसभर उन्हात माती वाहायची, कामावर वाटतात ती सुकडी खायची आणि दिवेलागणीला परत यायचं. सकाळी डोणीत घातलेलं पाणी ऊन डोक्यावर यायच्या आत आटून जायचं. एक दिवस संध्याकाळी परत आल्यावर मनकर्णेला घर वेगळं वाटलं. काय वेगळं आहे ते कळेना. आसारामने चूल पेटवली, काटकी मोडल्याचा आवाज आला, तेव्हा तिला कळलं. झाडावर काही आवाजच नव्हता.

ती मागे गेली. हिवराच्या बुडाशी एक पिल्लू पडलं होतं, पंख फुटू लागलेलं, वाळून हलकं झालेलं. दुसऱ्याचा पत्ता नव्हता. घरटं रिकामं होतं. थवा कुठे गेला, दुसरं पिल्लू बरोबर गेलं की कुणी नेलं, लंगडी होती की नव्हती, काहीच कळायला मार्ग नव्हता. मनकर्णेने पिल्लू मातीत पुरलं. रंगुबाई गेल्यापासून साठलेलं रडू तिला तिथे आलं. ती खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. आसाराम दारापर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला.

तिने मनात ठरवून ठेवलं, बनूने विचारलं तर सांगायचं, दोन्ही उडाली.

पुढच्या साली पाऊस झाला. बाजरी कणसात आली तेव्हा आसाराम म्हणाला, "आक्का, पोरांस्नी घिऊन ये. आता दानं हुतील." मनकर्णेने शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि ती एस.टी.ने कोल्हारला गेली.

मच्छिंद्रची आई मालनबाई चांगली बाई होती. तिने व्याह्यांच्या माणसाला करावं तसं पाय धुवायला पाणी दिलं. अंगणात एक गुबगुबीत पोरगा कोंबडीमागे पळत होता. तो गोरख होता. मनकर्णेने त्याला उचललं तर तो तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत राहिला, रडला नाही, खाली उतरून पळाला.

बनू शाळेतून आली. उंच झाली होती. केस घट्ट विंचरलेले, फितीने बांधलेले. दारात आत्याला बघून ती थबकली, मग पाटी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली,

"आत्या, कधी आलात?"

बनू मनकर्णेला कधी अहोजाहो करत नव्हती. 'आत्या, तू' हेच शब्द तिच्या तोंडात होते, बोलायला लागल्यापासून. मनकर्णेने लाडवाचा डबा पुढे केला. "घे. तुज्यासाठी केल्यात."

बनूने एक लाडू घेतला, अर्धा मोडून गोरखच्या हातात दिला, उरलेला बारीक करून त्याला भरवला आणि त्याचं तोंड आपल्या परकराने पुसलं.

"अजून तिच्या हातचंच खातोय," मालनबाई म्हणाली. "मी भरवलं तर बळंच खातंय. लई जीव हाय भैनीवर. तुमी हिला धाडली नसती तर हे पोर हाताला लागलं नसतं."

मनकर्णेने दुपारभर वाट पाहिली. बनू पिल्लांचं विचारेल, हिवराचं विचारेल, निदान बापाचं विचारेल. बनूने बापाचं विचारलं, बरे आहेत का म्हणून. बाकी काही विचारलं नाही. शेवटी मनकर्णाच म्हणाली, "बनू, तुज्या बापानं बोलवलंय. बाजरी चांगली आलीय औंदा. चलताय का दोघं?"

बनूने गोरखकडे बघितलं. तो तिच्या पाठीवर चढून बसला होता.

"हितं त्याला दूध हाय," ती म्हणाली. "आमी हितंच ऱ्हातो."

"मग सुट्टीला तरी..."

"बघू." मोठ्या बाईसारखं बोलली. मग खालच्या आवाजात, आत्याच्या मनगटाकडे नजर जाऊन, "लई दुखलं हुतं का?"

"न्हाई गं," मनकर्णा म्हणाली.

बनूने मान डोलावली. तिला आणखी काही बोलायचं असावं, ओठ हलले, पण गोरखने तिची फीत ओढली आणि ती त्याला घेऊन विहिरीकडे गेली.

मनमाड रस्त्यावर एस.टी. उशिरा आली. गर्दी होती. एका बाईने आपलं गाठोडं मांडीवर घेऊन मनकर्णेला जागा करून दिली. गाडी पुलावरून गेली, खाली प्रवरेला पाणी होतं. बाई बोलकी होती. लाडवाच्या रिकाम्या डब्याकडे बघून तिने विचारलं, "लेकीकडं गेल्तात का?"

मनकर्णेने डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "भावाची पोरं हायेत."

बाईने "अस्सं" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिकिटासाठी कंडक्टर पुढे पुढे सरकत येत होता.